कडी रेघेएवढी झाली त्या वर्षी

नगर, २४ नोव्हेंबर २०२४

ज्ञाना, सलाम.

तुझा फोन बंद लागतो. चालू असता तरी माझा काही उपयोग नव्हता, कारण डॉक्टरांनी माझा जबडा तारेनं आवळून ठेवलाय. वरचे दात खालच्या दातांना बांधलेत. पोटात जातं ते सगळं नळीनं. हेलन समोर बसून जेवते आणि भाकरीचा पापुद्रा मोडताना मुद्दाम आवाज करते, असा मला दाट संशय आहे. आयुष्यभर वर्गात पोरांवर 'तोंडं बंद' म्हणून ओरडलो, ते असं अंगाशी आलं. म्हणून हे पत्र. शेवगावचा तुझ्या सासऱ्याचा पत्ता पोलिसांच्या कागदावर दिसला, तो उतरवून घेतला.

सहादेव गेला हे तुला कळलं असेल. शुद्धीवर न येताच गेला. मी शेजारच्याच वॉर्डात होतो. त्याच्या कडूबाईनं हंबरडा फोडला तो मला भिंतीतून ऐकू आला. मला ओरडता येईना, म्हणून मी पलंगाच्या लोखंडी दांडीवर बुक्क्या मारत राहिलो. नर्सला वाटलं मला इंजेक्शन हवंय.

इन्स्पेक्टर म्हणाले, तुझा जबाब झालाय. मारहाण झाली तेव्हा तू म्हणे घरी भाकरी खायला गेला होतास. मी हसलो असतो तर टाके तुटले असते. ज्ञाना, तू माझ्या डाव्या हाताला उभा होतास. गुडघ्यात वाकून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर शनी बघत होतास. मला जे आठवतं ते लिहितो, तुझ्या जबाबाशी ताडून बघ.

बाजरी काढलेल्या तुझ्या रानात आपण दुर्बिणीचा स्टँड लावला. सहादेवनं डाळिंबाच्या कडेला टेम्पो उभा केला आणि नेहमीसारखा केबिनमध्ये पाय वर करून पडला. अंधार पडताच आपण शनी धरला, कॅमेरा दुर्बिणीला मागून बसवला आणि व्हिडिओ सुरू केला. कडी इतकी बारीक झालेली मी कधी पाहिली नव्हती. पेन्सिलीनं ओढलेली रेघच. पुढच्या वर्षी ती जवळजवळ दिसणारच नाही, आणि सात वर्षं न चुकता दर हंगामाला एक फोटो काढलेला. या वर्षीचा सोडायचा कसा? तू म्हणालास, "मास्तर, आज हवा थांबलीया. थरथर न्हाई." तुझं खरं होतं.

ड्रोनची आवई उठून पंधरवडा झाला होता. रात्री ड्रोन येतो, घरं हेरून जातो, मागून चोर येतात. घरटी एक माणूस गस्तीला. आपण दोघं त्यावर पोट धरून हसलो होतो. पण डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून मी लाल टॉर्च वापरतो, आणि शनी कुठं आहे ते सहादेवला दाखवायला मी हिरवा लेझर सरळ आभाळात सोडला होता. अंधारात ती हिरवी काठी किती कोसांवरून दिसत असेल, हे दोन शहाण्यांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

मग बॅटऱ्या आल्या. कुऱ्हाडीचे दांडे, लोखंडी पाइप, कुणाकडे बैलगाडीची शिवळ. पुढं तुझा चुलतभाऊ कानिफनाथ. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर शनी हलत होता. ते बघून एकजण म्हणाला, "ह्यो बघा, वरून कुनाच्या तरी दारातला बल्ब दिसतोय." मी समजावायला तोंड उघडलं आणि त्या उघड्या तोंडावर पहिला दांडा बसला. दात जिभेवर खड्यांसारखे लागले. मी पडलो, आणि मग पोटात लाथा, पाठीत पाइप, हाताच्या बोटांवर कुणाची तरी टाच. आपलंच रक्त गरम असतं हे मला माहीत होतं, पण ते नाकातून घशात उतरताना इतकं गरम लागेल असं वाटलं नव्हतं.

शेवटच्या दोन गोष्टी आठवतात. सहादेव टेम्पोतून उतरला. किल्ली टेम्पोलाच होती, त्याला निघून जाता आलं असतं. तो चाक खोलायची टॉमी घेऊन "मास्तर हाय रं त्यो, मास्तर हाय," असं ओरडत गर्दीत घुसला आणि टॉमी त्यानं कानिफनाथच्या खांद्यात घातली. आणि दुसरं, तुझा आवाज. "मास्तरला सोडा." त्यानंतर दवाखानाच. मी जिवंत आहे तो त्या दोन शब्दांमुळे, हे मी हेलनला पाटीवर लिहून दाखवलं. ती तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते.

इन्स्पेक्टरनं एकच प्रश्न दोनदा विचारला. सहादेवच्या डोक्यात बसलेला लोखंडी रॉड कुठला? मी लिहिलं, दुर्बिणीचा. नळीचा तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूला रॉडवर वजनं चढवतात. मग तो जमावाच्या हाती कसा लागला? मी लिहिलं, ओढाताणीत निसटला असेल. ज्ञाना, तो निसटत नाही. त्याला आटे आहेत. हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे, आणि याच्यापुढे मी विचार करत नाही.

गुन्हा अनोळखी जमावावर आहे. मी कानिफनाथचं नाव दिलं, तर तो म्हणतो आपण नंतर पोचलो. गाव मुकं झालंय. सहादेवला कुणी मारलं ते सांगणारा तू एकटा आहेस. ये आणि सांग. भाऊबंद तोडतील, तोडू देत. आमच्या घरी राहा.

तुझा यशया

नगर, १७ डिसेंबर २०२४

ज्ञाना,

तारा निघाल्या. आता मला बोलता येतं, पण बोलावं असं फार काही नाही. 'प' आणि 'फ' म्हणताना वारा सुटतो. नाताळची गाणी बसवायला मंडळी परवा घरी आली, मला म्हणाली, मास्तर, यंदा तुम्ही नुसती टाळी द्या.

पोस्टमनकडे चौकशी केली. माझं पत्र तुझ्या हातात पडलंय. उत्तर नाही. ठीक आहे, मी मास्तर आहे, उत्तर न देणाऱ्यांना पुन्हा प्रश्न विचारायची मला सवय आहे.

कडूबाई येऊन गेली. सहादेव गेल्यावर तिनं नगरची खोली सोडली, कोल्हारला दिराकडे राहते. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. "मास्तर, माझ्या मानसाला कुनी मारलं? नाव सांगा. मला काय करायचं न्हाई, फकस्त नाव." मी म्हटलं, मी बेशुद्ध होतो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. नवीन दात बसवलेत, ते बघत होती. मग म्हणाली, "तुमचं तोंड तरी हाय." हेलन आत जाऊन रडली, मला रडू आलं नाही. मला कुणाला तरी मारावंसं वाटलं.

हे मी तुला सरळ लिहितो, कारण हे मी फादरना सांगू शकत नाही. रात्री डोळे मिटले की मी कानिफनाथला मारतो. साधंसुधं नाही. आधी बोटं, एकेक. मग गुडघे. माझा जबडा तुटला तसा आवाज त्याच्या हाडांचा यावा म्हणून मी कान देऊन ऐकतो. सकाळी उठतो तेव्हा हाताच्या मुठी वळलेल्या असतात आणि तळहातावर नखं रुतलेली असतात. परवा हेलननं आमटीत मीठ जास्त घातलं म्हणून मी ताट भिंतीवर फेकलं. भिंतीवरचा डाग तिनं पुसला नाही. म्हणाली, तुम्हीच पुसा. मी पुसला.

गेल्या आठवड्यात मोटरसायकलवर दोघं आले आणि खिडकीतून धोंडा टाकून गेले. काचेचा तुकडा हेलनच्या मनगटात घुसला, टाके पडले. धोंडा गुळगुळीत, काळा, तुझ्या रानातल्या बांधावर असतात तसला. मुद्दाम तिथून आणला असेल तर लांबचा प्रवास केला बिचाऱ्यानं.

तू कुणाला भितोस ते मला समजतं. त्याच लोकांनी माझ्या बायकोला जखम केली आणि मी अजून त्यांच्यातल्या एकाचंच नाव सांगू शकतो. बाकीची नावं तुझ्याकडे आहेत. रॉड कुणी उचलला तेही तुला दिसलं असेल. माझ्यासाठी नको येऊस. सहादेवसाठी ये. तो तर माझ्यासाठी टेम्पोतून उतरला होता.

यशया

नगर, १२ जानेवारी २०२५

ज्ञानेश्वर,

तुझी आई आली होती. कालची गोष्ट. मुक्ताबाई एकट्या, एसटीनं, डोक्यावर कांद्याची पिशवी. मी पाया पडलो तर त्यांनी माझा जबडा चाचपून बघितला, जनावराचा बघतात तसा, आणि म्हणाल्या, "जुळलाय बरा." चहा घेतला. मग पिशवीतले कांदे हेलनच्या सुपात ओतले आणि तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "डाळिंबाची छाटनी चालली हाय. झुडपात घावलं. मास्तरांची वस्तू हाय म्हून घिऊन आले. कानिफाला दावू नको म्हनले सुनंला."

कॅमेरा. काच फुटलेली, एक कड चेपलेली, आत माती. तुझ्याबद्दल म्हणाल्या, "ज्ञाना जेवत न्हाई. सासुरवाडीला बी नीट बोलत न्हाई कुनाशी. तुमी त्याला बोलवून घ्या मास्तर, तुमचं ऐकतो त्यो." मी त्यांना एसटीत बसवून दिलं. खिडकीतून हात हलवत होत्या.

घरी येऊन मी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. कार्ड ठणठणीत होतं. ज्ञानेश्वर, आपण व्हिडिओ कशासाठी काढतो ते मी किती जणांना समजावलंय. एका फोटोत ग्रह थरथरलेलाच येतो. म्हणून व्हिडिओ, मग त्यातली हजारो चित्रं सुटी करायची, हवा क्षणभर थांबली तेव्हाची तेवढी निवडायची आणि एकावर एक रचायची. आवाज कुणी ऐकत नाही. इतक्या वर्षांत मी एकदाही ऐकला नव्हता. कॅमेरा तो टिपतो, आपण तो टाकून देतो. काल मला वाटलं, बघूया तरी शेवटची कडी कशी आलीय. आणि हेलन स्वयंपाकघरात असताना स्पीकर चालूच राहिला.

आधी तू आणि मी. सहादेव काहीतरी म्हणतो आणि तू हसतोस. मग कुत्री. मग माणसं. आणि पडद्यावर या सगळ्या वेळात शनी. इतका स्थिर मी तो कधी पाहिला नाही. माझ्या तोंडावर दांडा बसला तो आवाज आहे. ओल्या लाकडावर घाव घातल्यासारखा. कडी हललीसुद्धा नाही. हेलन हातात उलथनं घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली.

पुढचं तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो, कारण तू जबाबात भाकरी खात होतास.

कानिफनाथ म्हणतो, "ज्ञाना, तुझ्याच रानात ड्रोनवाले? दोन दिस गस्तीला आला न्हाईस ते ह्याच्यापायी व्हय?" कुणीतरी म्हणतं, "ह्याला बी घ्या." तू म्हणतोस, "मास्तरला सोडा. माझा दोस्त हाय. शाळंचा मास्तर हाय. आईची आन." मग सहादेव येतो, ओरडतो, टॉमी लागल्यावर कानिफनाथ कळवळतो. आणि कुणीतरी विचारतं, "मग ह्यो टेम्पोवाला कोन?"

इथं थोडा वेळ काही नाही. नुसता श्वास. तो तुझा आहे, कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ तूच होतास. मग तू म्हणतोस, "ह्याला मी वळखत न्हाई. चोर ह्योच हाय. मास्तरला फसवून आनलं त्यानं."

ओळखत नाहीस. चार वर्षं त्यानं आपल्या दुर्बिणीच्या पेट्या वाहिल्या. तुझ्या मुलीच्या बारशाला तो जेवला, तुझ्या आईनं त्याला वाढलं.

"चोर हाय तर दाव," कानिफनाथ म्हणतो. "घाल की त्याच्या डोक्यात. का तू बी त्यांच्यातलाच?"

आणि मग धप्. मातीवर काहीतरी जड पडलं. त्याच क्षणी पडद्यावरचा शनी घसरला. हळू, मग जोरात, तिरपा, आणि फ्रेमबाहेर गेला. वजन काढलं की नळी आपल्या भारानं खाली जाते. हे तुला मीच शिकवलं, म्हणून आवरताना तू आधी नळी धरायचास आणि मग वजन काढायचास. त्या दिवशी नळी कुणी धरली नाही. नंतर आटे फिरल्याचा आवाज. किरर्, किरर्. गंज लागलाय, तेल घालायचं राहिलंय, असं आपण दर वेळी म्हणायचो. अख्ख्या जमावात तो रॉड उलटा फिरवून निघतो हे माहीत असलेला एकच माणूस उभा होता. दुसरा खाली मातीत पडला होता.

त्यानंतरचा आवाज मी लिहीत नाही. हेलननं कान झाकले. सहादेवनं तुझं नाव घेतलं, एवढंच लिहितो. "ज्ञानाभाऊ," असं म्हणाला. ओळखत नव्हतास ना त्याला? तो तुला ओळखत होता.

मी हे पत्र रागानं लिहितोय आणि राग कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही. मी पोलिसांना खोटं लिहून दिलं, रॉड निसटला म्हणून, तुझ्यावर आच येऊ नये म्हणून. आता ऐक. तू स्वतः ठाण्यात जा आणि सांग. तुझ्या तोंडानं. नाही गेलास तर मी येतो, आणि मी पत्र घेऊन येणार नाही.

यशया

नगर, ३ फेब्रुवारी २०२५

आलो होतो. तुला माहीतच आहे, पाठ अजून दुखत असेल.

मी घरून टॉमी घेऊन निघालो. सहादेवची. कडूबाईनं त्याचं सामान मोडीत काढलं तेव्हा मी ती मागून घेतली होती. शाळेची पिशवी, त्यात वह्यांच्या खाली टॉमी. हेलनला सांगितलं, शेवगावला एका मित्राकडे जातो. खोटं नव्हतं.

शेवगावच्या मार्केट यार्डात तू कापसाची बोचकी गाडीतून उतरवत होतास. वाळलायस. दाढी वाढलीय. पाठमोरा होतास. मी मनात ठरवून आलो होतो की समोरून मारीन, जबड्यावर, माझ्यासारखं. पण तुझी पाठ दिसली आणि हात थांबला नाही. पहिला घाव खांद्याखाली बसला. तू बोचक्यासकट खाली गेलास. दुसरा बरगडीत. मला वाटलं होतं तू ओरडशील, हात वर करशील, निदान शिवी देशील. तू फक्त मागं वळून बघितलंस आणि म्हणालास, "मास्तर, तुमी व्हय." आणि पुन्हा पाठ केलीस. त्याचा मला इतका राग आला की मी तिसरा मारला. मांडीवर. आयुष्यात मी माणसाला असं कधी मारलं नव्हतं. हात खांद्यापर्यंत झिणझिणला आणि खरं सांगतो, बरं वाटलं. चौथा मारणार होतो.

तेवढ्यात हमाल धावले. कुणी माझी कॉलर धरली, कुणी कानाखाली ठेवून दिली. नवीन दातातला एक हलला. एकानं बोचक्याचा आकडा उगारला. पुन्हा तेच तोंडाभोवती फिरणारे हात, पुन्हा तीच धूळ. माझी चड्डी ओली झाली. तेही लिहून टाकतो, लपवून काय करू. आणि तू जमिनीवरून उठलास, बरगडी धरून मध्ये उभा राहिलास आणि म्हणालास, "मास्तरला सोडा. माझा दोस्त हाय. आमचं घरचं हाय."

तेच शब्द. मी कॉम्प्युटरवर इतक्यांदा ऐकलेत की तुझ्या आधी मला ते पाठ होते. त्यांनी मला सोडलं.

मग तू मला गाड्यावर चहा पाजलास. बशीत ओतून दिलास. मी म्हटलं, का? मग जे बोललास ते मी शब्दशः लिहितो, म्हणजे पुढं तू किंवा मी ते बदलणार नाही.

"मास्तर, त्यांच्या डोस्क्यात रगत चढलं हुतं. कुनाला तरी मारल्याबिगर ते जानार न्हवते. दोघं वाचत न्हवते. एकच वाचत हुता. मला तुमी पायजे हुते."

मी तुझ्या तोंडावर गरम चहा फेकला आणि एसटीत येऊन बसलो. एसटी सुटेपर्यंत तू थांब्यावर उभा होतास. तोंड पुसलं नव्हतंस.

पारनेरच्या पोरासोरांना मी वर्षानुवर्षं गुणाकार शिकवले. एका माणसाचा जीव वजा करून दुसऱ्याचा ठेवायचा, हे गणित मी कुणाला शिकवलं नव्हतं. आणि तुझ्या गणिताचं उत्तर मी आहे, रोज सकाळी दात घासताना आरशात दिसतं. मी तुझे उपकार मानू की तुझा गळा दाबू, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही एकदमच वाटतं.

पोलिसांकडे गेलास का? गेला नसणार. जा.

नगर, १९ फेब्रुवारी २०२५

ज्ञाना,

मी कार्ड दिलं. आज सकाळी. माझा पहिला जबाबही दुरुस्त केला, रॉड निसटला नव्हता, काढला होता, असं लिहून दिलं. इन्स्पेक्टरनं विचारलं, आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं, मित्र होता म्हणून. त्यांनी ते तसंच टाइप करून घेतलं. उद्या किंवा परवा तुला न्यायला येतील. कानिफनाथलाही. पळू नकोस. तुझ्या आईला मी आजच फोन करणार आहे. त्यांनीच कॅमेरा आणून दिला, हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये. त्या मला शिव्याशाप देतील आणि मी ऐकून घेईन.

देण्याआधी मी कडूबाईला बोलावलं. नाव सांगा म्हणाली होती, तिचा पहिला हक्क. हेलन म्हणत होती, ऐकवू नका, नुसतं सांगा. पण कडूबाई म्हणाली, "लावा." मग मी लावलं. ती खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर भिंतीला टेकून बसली. पदर तोंडात धरला होता. पडद्यावर तो पिवळा ठिपका आणि त्याची रेघ, आणि आवाज. सहादेव "मास्तर हाय रं त्यो" म्हणत आला तेव्हा तिनं मान हलवली, म्हणजे तो असाच, असं. तू "वळखत न्हाई" म्हणालास तेव्हा काही नाही. आटे फिरले तेव्हा तिनं विचारलं, "ह्यो कसला आवाज?" मी सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं. मी मध्येच बंद करायला गेलो तर तिनं माझा हात धरला. तिच्या हाताची पकड अजून माझ्या मनगटावर आहे.

संपल्यावर ती म्हणाली, "कोर्टात तुमी काय सांगनार?" मी म्हटलं, जे ऐकलं ते सगळं. "ज्ञानेश्वरनं तुमाला वाचवलं, हे बी?" मी म्हटलं, हो, तेही. ती उसळली. "ते सांगू नका मास्तर. वकील त्येच धरून बसंल. दोस्ताला वाचवाया केलं म्हनंल, आन शिक्षा कमी व्हईल. माझ्या मानसाला मारलं एवढंच सांगा."

ज्ञाना, मला तिला हो म्हणावंसं वाटलं. फार सोपं होतं. तुझ्यावरचा राग आणि तिच्याबद्दलची कळकळ, दोन्ही एकाच बाजूला ओढत होती. आणि तू वाचवलंस हे कुणाला कळलंच नाही, तर मला ते ओझं चारचौघांत वाहावं लागलं नसतं. पण एक खोटं लिहून दिल्यानं काय झालं ते मी बघितलंय. मी म्हटलं, कडूबाई, अर्धं सांगता येणार नाही.

मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, "मास्तर, त्यानं तुमाला वाचवलं नसतं, तुमी मेला असता, तर माझा मानूस घरी आला असता का?"

हेलननं माझ्याकडे बघितलं. तिनं नकारार्थी मान हलवली, नाही म्हणा, अशी. मी विचार केला. कानिफनाथला एक माणूस हवा होता. मी संपलो असतो तर त्यांचं भागलं असतं. सहादेव नुसता हातपाय मोडून सुटला असता, कदाचित टेम्पोपर्यंत पोचला असता.

मी म्हटलं, "बहुतेक आला असता."

कडूबाई उठली. पदर सारखा केला, चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली,

"मग हे बी सांगा कोर्टात. माझ्यासमोर सांगा."

सांगणार आहे. तू कोर्टात समोर उभा असशील, ती बाजूला बसलेली असेल, आणि मी ते तुम्हा दोघांच्या तोंडाकडे बघून सांगीन.

यशया